प्रीबायोटिक तंतू आणि पचनसंस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंतुमय आहार घ्यावा हे बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु कोणता तंतू आतड्यात जाऊन नेमके काय करतो, हे फारसे कोणी सांगत नाही. पावडरीच्या डब्यांवर आणि बिस्किटांच्या वेष्टनांवर 'प्रीबायोटिक' हा शब्द सर्रास दिसू लागल्यापासून तर गोंधळात भरच पडली आहे. पुढील उत्तरे एरवी निरोगी असलेली प्रौढ व्यक्ती डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. ज्यांना आतड्याचा आजार आहे, त्यांच्यासाठीचे मुद्दे त्या त्या ठिकाणी वेगळे सांगितले आहेत.

प्रीबायोटिक तंतू म्हणजे नेमके काय?

वनस्पतींमध्ये अशी अनेक कर्बोदके असतात, ज्यांच्यातील दुवे तोडणारी विकरे माणसाच्या शरीरात तयारच होत नाहीत. ती जठरातून आणि लहान आतड्यातून जवळजवळ जशीच्या तशी पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथे वस्तीला असलेल्या जिवाणूंपैकी काहींकडे मात्र ती विकरे असतात. आपल्याला न पचलेला हा ऐवज म्हणजे त्यांचे अन्न. त्यावर ते वाढतात आणि बदल्यात शरीराला उपयोगी पडणारी काही द्रव्ये तयार करतात. अशा कर्बोदकांना प्रीबायोटिक तंतू म्हणतात.

ही संज्ञा ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड या दोन संशोधकांनी १९९५ मध्ये मांडली. पुढे तिची व्याख्या अनेकदा तपासली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि सध्या प्रचलित असलेल्या व्याख्येनुसार, यजमानाच्या (म्हणजे सूक्ष्मजीव ज्याच्या शरीरात राहतात त्याच्या) शरीरातील सूक्ष्मजीव ज्याचा निवडक वापर करतात आणि त्या वापरामुळे यजमानाच्या आरोग्याला लाभ होतो, तो पदार्थ प्रीबायोटिक होय. या व्याख्येत दोन अटी आहेत. सरसकट सगळ्याच जिवाणूंना पोसणारा पदार्थ तिच्यात बसत नाही, आणि जिवाणू वाढले तरी माणसाला काहीच फायदा झाला नाही, तर तोही बसत नाही. जाहिरातींत यातली दुसरी अट बहुधा विसरली जाते.

म्हणजे सगळेच तंतू प्रीबायोटिक असतात का?

नाही, आणि या एका गैरसमजातून बाकीचे बरेच गैरसमज निघतात. तंतूंचे गुण किमान तीन अंगांनी पाहावे लागतात: तो पाण्यात विरघळतो का, पाण्यात घट्ट होतो का, आणि जिवाणू तो आंबवू शकतात का. गव्हाच्या कोंड्यातील बराचसा तंतू विरघळत नाही आणि फारसा आंबतही नाही. तो मळाला आकारमान देतो आणि बाहेर पडतो. इसबगोलाचा भुसा पाणी धरून घट्ट होतो, परंतु तोही आतड्यात फारच थोडा आंबतो. इन्युलिन मात्र विरघळते, घट्ट होत नाही आणि जवळजवळ पूर्णपणे आंबते.

हा फरक घरी पाहता येतो. दोन पेल्यांत कोमट पाणी घ्यावे, एकात चमचाभर इन्युलिनची पावडर आणि दुसऱ्यात चमचाभर इसबगोल घालून ढवळावे. पहिल्या पेल्यातील पाणी थोड्याच वेळात जवळजवळ निवळ दिसते आणि चव घेतल्यास किंचित गोड लागते. दुसऱ्या पेल्यात दहा मिनिटांत बुळबुळीत, थरथरणारा गोळा तयार होतो आणि चमचा काढताना तो चमच्याबरोबर वर येतो. पहिला पेला जिवाणूंचे जेवण आहे. दुसरा मुख्यतः मळ मऊ ठेवण्याचे साधन आहे. दोन्ही उपयोगी आहेत, पण एकाच्या जागी दुसरा घेऊन तोच परिणाम अपेक्षित धरणे चूक आहे.

प्रीबायोटिक आणि प्रोबायोटिक यांत फरक काय?

प्रोबायोटिक म्हणजे बाहेरून घेतलेले जिवंत सूक्ष्मजीव. प्रीबायोटिक म्हणजे आतड्यात आधीच असलेल्या सूक्ष्मजीवांचे खाद्य. दोन्ही एकत्र असलेल्या मिश्रणाला सिनबायोटिक म्हणतात.

हे तंतू कोणकोणत्या पदार्थांत असतात?

सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो फ्रुक्टान या गटाचा, म्हणजे इन्युलिन आणि त्याची आखूड साखळीची भावंडे असलेल्या फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडांचा. फ्रुक्टोजचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन ही साखळी बनते. इन्युलिनमध्ये दोन-चारपासून सुमारे साठपर्यंत रेणू असू शकतात. वनस्पती स्टार्चऐवजी किंवा स्टार्चसोबत हा साठा मुळांत आणि कंदांत करून ठेवतात. १८०४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन रोझ यांनी इन्युला हेलेनियम या वनस्पतीच्या मुळांपासून हा पदार्थ वेगळा काढला, आणि त्या वनस्पतीवरूनच पुढे त्याला इन्युलिन हे नाव मिळाले. (इन्सुलिनशी त्याचा काहीएक संबंध नाही. नावांतील सारखेपणामुळे मधुमेही व्यक्ती हा प्रश्न हमखास विचारतात.)

चिकोरीच्या ताज्या मुळात वजनाच्या सुमारे १५ ते २० टक्के इन्युलिन असते, म्हणून बाजारातील बहुतेक पावडर त्यापासूनच बनते. लसणात ९ ते १६ टक्के, कांद्यात साधारण २ ते ६ टक्के आणि गव्हात १ ते ४ टक्के फ्रुक्टान असतात. मात्र टक्केवारी वाचताना आपण तो पदार्थ किती खातो हेही पाहावे. लसणाची एक पाकळी चार ग्रॅमची धरली, तर तिच्यातून जेमतेम अर्धा ग्रॅम तंतू मिळतो. शंभर ग्रॅमचा कांदा त्याहून कितीतरी जास्त देतो. गव्हात प्रमाण कमी असले तरी तो रोज आणि भरपूर खाल्ला जातो, त्यामुळे अमेरिकेतील आहाराच्या पाहणीत फ्रुक्टानचे मुख्य स्रोत म्हणून गहू आणि कांदा हीच दोन नावे पुढे आली. पिकलेले केळे प्रत्येक यादीत मानाने मिरवत असते, परंतु त्यात इन्युलिन एक टक्काही नसते. केळे जरूर खावे, पण त्यावर प्रीबायोटिक म्हणून विसंबू नये.

दुसरा गट कडधान्यांतील रॅफिनोज आणि स्टॅकिओज यांचा. कडधान्ये खाल्ल्यावर पोटात जो वात धरतो, तो मुख्यतः यांच्यामुळेच. तिसरा गट प्रतिरोधक स्टार्चचा. त्याविषयी पुढे स्वयंपाकाच्या प्रश्नात सविस्तर लिहिले आहे. याखेरीज ओट्स आणि बार्ली यांतील बीटा-ग्लुकान, फळांतील पेक्टिन, बाभळीच्या कुळातील झाडांचा डिंक आणि गवारीच्या बियांपासून मिळणारा, अंशतः विघटित केलेला गवार-गोंद हेही कमीअधिक प्रमाणात आंबतात.

मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर पुढे काय घडते?

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे असते आणि अन्नाचा उरलेला भाग त्यात बारा तासांपासून दोन दिवसांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त काळ राहतो. शरीरातील जिवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी असावी, असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला, आणि त्यांतील बहुतांश याच दीड मीटरमध्ये असतात. ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या त्या जागेत तंतूंचे किण्वन होते, म्हणजे जिवाणू ते आंबवतात, आणि त्यातून तीन लघुशृंखला मेदाम्ले तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. त्यांचे परस्परांशी प्रमाण ढोबळमानाने ६०:२०:२० असे सांगितले जाते.

यांतील ब्युटिरेटचे काम विशेष आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरातील पेशी आपल्या गरजेच्या सुमारे ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेटपासून मिळवतात. रक्तातून साखर उपलब्ध असतानाही त्या आतड्याच्या पोकळीतून येणाऱ्या या अन्नाला प्राधान्य देतात. ब्युटिरेट जाळताना त्या ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पोकळीतील ऑक्सिजन कमी राहतो. आणि ऑक्सिजन कमी असणे हे नेमके त्या जिवाणूंच्या पथ्यावर पडते, जे ब्युटिरेट बनवतात. मेदाम्लांमुळे आतील आम्लता वाढते, हेही अनेक उपद्रवी जिवाणूंना मानवत नाही.

इथे एक गोष्ट अनेकदा वगळली जाते. इन्युलिन दिल्यावर प्रामुख्याने बायफिडोबॅक्टेरिया वाढतात, परंतु ते स्वतः ब्युटिरेट बनवतच नाहीत. ते ॲसिटेट आणि लॅक्टेट बनवतात. ते उचलून फीकॅलिबॅक्टेरियम प्राउसनिट्झी आणि त्याच्यासारखे इतर जिवाणू ब्युटिरेट तयार करतात. एकाच्या ताटातले उरलेसुरले दुसऱ्याच्या ताटात, अशी ही पंगत असते. साखळीतला दुसरा दुवा एखाद्याच्या आतड्यात दुबळा असेल, तर त्याने कितीही इन्युलिन घेतले तरी ब्युटिरेट अपेक्षेइतके वाढत नाही. सारखीच पावडर घेऊन एकाला उपयोग होतो आणि दुसऱ्याला होत नाही, याचे एक कारण इथे सापडते. एकाच तंतूचा मारा करण्यापेक्षा निरनिराळे तंतू आलटूनपालटून खाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, तेही याच कारणासाठी.

आहार बदलल्याने हे चित्र खरोखर बदलते का?

बदलते, आणि बरेच लवकर बदलते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस आफ्रिकन-अमेरिकन व्यक्तींना आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील वीस व्यक्तींना दोन आठवड्यांसाठी एकमेकांचा आहार देण्यात आला. तंतुमय आणि कमी स्निग्ध आहारावर आलेल्या अमेरिकन गटात ब्युटिरेटची निर्मिती वाढली आणि आतड्याच्या अस्तरातील दाहाच्या खुणा कमी झाल्या. दुसऱ्या गटात नेमके उलटे घडले. दोन आठवडे म्हणजे काही फार नव्हेत. पण हे नाणे उलटेही पडते: तंतू थांबवले की एक-दोन आठवड्यांत जिवाणूंचे प्रमाण पुन्हा पहिल्यासारखे होऊ लागते.

हे तंतू घेतल्यावर पोट का फुगते?

किण्वन म्हटले की वायू आलाच. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या बाबतीत मिथेन हे वायू तंतू आंबताना तयार होतात. त्यांतला काही भाग रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो, आणि श्वासातील हायड्रोजन मोजून आतड्यातील किण्वनाचा अंदाज घेण्याची चाचणी त्यावरच बेतलेली आहे. उरलेला वायू खालून बाहेर पडतो. दिवसातून दहा ते वीस वेळा वायू सरणे हे निरोगी माणसातही सर्वसामान्य मानले जाते, त्यामुळे थोडा वात वाढला म्हणून काहीतरी बिघडले असे समजू नये.

त्रास होतो तो बहुधा घाईमुळे. मी स्वतः पहिल्यांदा इन्युलिन आणले तेव्हा डब्यावरची सूचना न वाचता न्याहारीसोबत दोन मोठे चमचे शीग लावून घेतले. दुपारपर्यंत काहीच झाले नाही, आणि मग चारच्या सुमारास एका लांबलेल्या बैठकीत पोटातून असे आवाज येऊ लागले की शेजारच्या सहकाऱ्याने काळजीने पाण्याचा पेला पुढे केला. संध्याकाळपर्यंत पट्टा दोन भोके सैल करावा लागला होता. दोष पावडरीचा नव्हता. पंधरा-वीस ग्रॅम तंतू एका दमात, सवय नसलेल्या आतड्यावर लोटल्याचा तो परिणाम होता. वेळही लक्षात घेण्याजोगी आहे. लहान आतडे ओलांडून मोठ्या आतड्यापर्यंत जायला अन्नाला काही तास लागतात, म्हणून त्रास जेवणानंतर लगेच न होता उशिरा सुरू होतो, आणि लोक भलत्याच पदार्थाला दोष देतात.

साखळी जितकी आखूड, तितके किण्वन जलद आणि वायू एकदम. लांब साखळीचे इन्युलिन सावकाश आंबते आणि आतड्यात पुढेपर्यंत जाते, त्यामुळे ते काहींना जास्त मानवते. गवार-गोंदाचे अंशतः विघटित रूपही सावकाश आंबते.

रोज किती प्रमाणात घ्यावे?

प्रथम एकूण तंतूंचे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात दहा वर्षांवरील सर्वांसाठी अन्नातून नैसर्गिकरीत्या मिळणारे किमान २५ ग्रॅम तंतू रोज सुचवले आहेत; दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी १५ आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी २१ ग्रॅम. यात प्रीबायोटिक तंतू किती असावेत, याचा वेगळा अधिकृत आकडा त्यात दिलेला नाही.

अभ्यासांतून दिसते ते असे, की रोज सुमारे ३ ते ५ ग्रॅम इन्युलिन किंवा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडांनी बायफिडोबॅक्टेरियांत वाढ दिसू लागते, १० ग्रॅमपर्यंत बहुतेकांना झेपते, आणि २० ग्रॅमच्या पुढे बहुतेकांना त्रास होतो. पावडर घ्यायचीच असेल, तर दोन ग्रॅमपासून, म्हणजे लहान चमचाही पूर्ण न भरता, सुरुवात करावी. आठवडाभर तेवढ्यावरच थांबावे. पोट शांत असेल तरच पुढच्या आठवड्यात एक-दोन ग्रॅम वाढवावे. दिवसाचे प्रमाण दोन वेळांत विभागून घेतल्यास बरे पडते. पाणी नेहमीपेक्षा थोडे जास्त प्यावे.

बद्धकोष्ठतेवर उपयोग होतो का?

होतो, परंतु मर्यादित. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये असे मत दिले, की चिकोरीचे मूळ स्वरूपातील इन्युलिन रोज १२ ग्रॅम घेतल्यास शौचाची वारंवारता वाढून पोट नियमित साफ राहण्यास मदत होते. १२ ग्रॅम ही लहान मात्रा नव्हे, हे वरील उत्तरावरून लक्षात येईल.

मळाचे वजन वाढवण्यात मात्र इन्युलिन मागे पडते. गव्हाचा कोंडा त्यातील तंतूच्या प्रत्येक ग्रॅममागे मळाचे वजन साधारण पाच ग्रॅमने वाढवतो. इन्युलिनच्या बाबतीत ही वाढ एक-दीड ग्रॅमच्या आसपास असते. कोंडा पाणी धरून तसाच बाहेर पडतो, तर इन्युलिन स्वतः संपून जाते आणि मागे उरतात ते वाढलेले जिवाणू. मळाच्या कोरड्या वजनाचा सुमारे निम्मा भाग जिवाणूंचाच असतो, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. तात्पर्य, मळ कठीण होऊन कुंथावे लागणे हीच मुख्य तक्रार असेल, तर इसबगोल हा अधिक चांगला पहिला उपाय ठरतो.

शिजवल्यावर हे तंतू नष्ट होतात का?

साधारण उष्णतेने फ्रुक्टान मोडत नाहीत. फार आंबट पदार्थात दीर्घकाळ उकळल्यास मात्र साखळ्या तुटून फ्रुक्टोज सुटे होते. दुसरी गळती पाण्यावाटे होते. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, त्यामुळे कांदा उकळून पाणी ओतून दिले तर तंतूंचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो. तेलात ते विरघळत नाहीत. म्हणूनच ज्यांना फ्रुक्टान सोसत नाहीत, त्यांना लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकण्याची आणि ते तेल स्वाद म्हणून वापरण्याची युक्ती सांगितली जाते. वास तेलात उतरतो, तंतू पाकळ्यांतच राहतात.

प्रतिरोधक स्टार्चची गोष्ट याहून मजेशीर आहे. कच्च्या बटाट्यातील स्टार्च आपल्याला सहज पचत नाही. शिजवताना त्याचे कण फुगून फुटतात आणि ते पचनयोग्य होते. पण शिजलेला बटाटा थंड केला, की स्टार्चच्या साखळ्यांतील काही भाग पुन्हा एकमेकांना घट्ट बिलगतो आणि विकरांना दाद देईनासा होतो. नंतर गरम केले तरी त्यातील काही भाग तसाच टिकतो. भात आणि पास्ता यांतही हेच घडते. वाढ फार मोठी नसते, म्हणून गरम जेवणाचा आनंद सोडून थंड बटाटे खाण्याचा आग्रह मी तरी धरणार नाही. शिजवलेले अन्न थंड करायचे असेल तर ते लवकर शीतकपाटात ठेवावे, तासन्‌तास बाहेर राहू देऊ नये.

हिरव्या केळ्यात असेच प्रतिरोधक स्टार्च भरपूर असते आणि केळे पिकते तसे त्याचे साखरेत रूपांतर होते. हिरव्या केळ्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकला, तर ती निळसर काळी पडते. साल काळ्या ठिपक्यांची झालेल्या केळ्याच्या चकतीवर तोच थेंब जवळजवळ तपकिरीच राहतो.

अन्नातून घ्यावे की पावडरीतून?

शक्यतो अन्नातून. कांदा, कडधान्ये किंवा ओट्स खाताना पाच-सहा प्रकारचे तंतू, जीवनसत्त्वे, खनिजे आणि पॉलिफेनॉल एकत्र मिळतात. पावडरीत बहुधा एकच तंतू असतो. पावडरीचा उपयोग आहे तो ज्यांचा आहार आजारपणामुळे, दातांच्या अडचणीमुळे किंवा कमी भुकेमुळे आकसलेला आहे त्यांना, आणि मात्रा मोजून घ्यायची असेल तेव्हा.

वेष्टनावर काय पाहावे?

घटकांच्या यादीत 'इन्युलिन', 'चिकोरी मूळ तंतू', 'ऑलिगोफ्रुक्टोज' किंवा 'फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड' असे लिहिलेले असते. ही सगळी एकाच कुटुंबातली नावे आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इन्युलिनला आहारतंतू म्हणून मोजण्यास मान्यता दिली. इन्युलिन किंचित गोड असते आणि पाण्यात मिसळल्यावर स्निग्धासारखा मऊपणा देते, म्हणून आइस्क्रीम आणि दह्याच्या पदार्थांत ते साखर व स्निग्धांश कमी करण्यासाठी घालतात. पाहायचे ते हे, की एका वेळच्या प्रमाणात किती ग्रॅम तंतू आहेत आणि सोबत साखर किती आहे. दोन ग्रॅम तंतू आणि चौदा ग्रॅम साखर असलेल्या चॉकलेटच्या वडीला प्रीबायोटिक म्हणणे नियमात बसत असेलही; पण ती शेवटी चॉकलेटची वडीच.

आतड्याच्या क्षोभाचा विकार, म्हणजे आयबीएस असेल तर?

इथे सावधपणे पावले टाकावी लागतात. आयबीएस असलेल्यांचे आतडे ताणाला अधिक संवेदनशील असते, त्यामुळे इतरांना जाणवतही नाही एवढ्या वायूनेही त्यांना कळा येतात. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात विकसित झालेल्या, झपाट्याने आंबणारी कर्बोदके कमी केलेल्या आहारात फ्रुक्टान आणि कडधान्यांतील रॅफिनोज हेच प्रथम कमी केले जातात. या आहाराच्या प्रवर्तकांपैकी एक पीटर गिब्सन. प्रीबायोटिक ही संज्ञा मांडणारे ग्लेन गिब्सन वेगळे. एका गिब्सनांनी फ्रुक्टान खाऊ घाला म्हटले आणि दुसऱ्यांनी कमी करा म्हटले, हा योगायोग विद्यार्थ्यांना गोंधळात टाकतो, परंतु दोघांचे म्हणणे आपापल्या रुग्णांपुरते बरोबर आहे.

हा आहार कायमचा नसतो. दोन ते सहा आठवडे ती कर्बोदके कमी करून नंतर एकेक पदार्थ परत आणून पाहायचा असतो. दीर्घकाळ फ्रुक्टान बंद ठेवल्यास बायफिडोबॅक्टेरिया घटतात, असे आढळले आहे. म्हणून हा प्रयोग आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा. तंतू हवाच असेल तर आयबीएसमध्ये इसबगोल तुलनेने जास्त मानवतो.

याला जोडूनच एक निरीक्षण: सिलिॲक आजार (ग्लुटेन या गव्हातील प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार) नसतानाही गहू खाल्ल्यावर ज्यांचे पोट बिघडते, ते ग्लुटेनला दोषी धरतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५९ व्यक्तींवरील नॉर्वेतील एका अभ्यासात अशा लोकांना ग्लुटेनपेक्षा गव्हातील फ्रुक्टानमुळे जास्त त्रास झाल्याचे दिसले.

आतड्याबाहेर काही फायदे होतात का?

कॅल्शियमच्या शोषणाबाबत चांगला पुरावा आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किशोरवयीन मुलामुलींना वर्षभर रोज ८ ग्रॅम इन्युलिन-प्रकारचे तंतू दिले असता कॅल्शियमचे शोषण आणि हाडांतील खनिजांचे प्रमाण वाढले. ओट्समधील बीटा-ग्लुकान रोज ३ ग्रॅम घेतल्यास कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते. मात्र तो परिणाम किण्वनापेक्षा त्याच्या चिकटपणामुळे अधिक होतो. वजनाचे म्हणाल, तर तंतूंनी पोट भरल्यासारखे वाटते, परंतु नुसत्या पावडरीने वजन लक्षणीय उतरेल अशी आशा बाळगू नये. तंतूंतूनही जिवाणूंमार्फत ग्रॅममागे सुमारे २ किलोकॅलरी ऊर्जा मिळतेच.

तान्ह्या बाळांना द्यावे का?

आईचे दूध पिणाऱ्या बाळाला वेगळे काही देण्याची गरज नाही. आईच्या दुधातील ऑलिगोसॅकराइडे हे लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतरचे तिसरे मोठे घन घटक असतात, आणि बाळ स्वतः ती पचवू शकत नाही. ती त्याच्या आतड्यातील जिवाणूंसाठीच असतात. १८९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिये यांना बायफिडोबॅक्टेरिया प्रथम सापडले, ते स्तनपान करणाऱ्या बाळांच्या मळातच. पावडरच्या दुधात काही उत्पादक गॅलॅक्टो आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडे नऊला एक या प्रमाणात घालतात. घरच्या घरी बाळाच्या दुधात तंतूंची पावडर मिसळू नये.

कोणी टाळावे, आणि डॉक्टरांकडे कधी जावे?

आतड्यात अडथळा किंवा अरुंदपणा असेल, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, लहान आतड्यात जिवाणूंची अवाजवी वाढ झाली असेल किंवा फ्रुक्टोज न सोसण्याचा आनुवंशिक विकार असेल, तर वैद्यकीय सल्ल्याविना हे तंतू घेऊ नयेत. इन्युलिनची ॲलर्जी अत्यंत दुर्मीळ आहे, पण तिची नोंद झालेली आहे. ओठ सुजणे किंवा श्वास लागणे असे काही झाल्यास लगेच मदत घ्यावी. घट्ट होणारे तंतू औषधांचे शोषण लांबवू शकतात, म्हणून नेहमीची औषधे आणि इसबगोलासारखे तंतू यांत सुमारे दोन तासांचे अंतर ठेवावे.

शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, पोटदुखीने रात्री झोपेतून जाग येणे, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत नव्याने झालेला बदल यांवर तंतू वाढवून वाट पाहत बसू नये. अशा वेळी आधी तपासणी करून घ्यावी, आणि आपण कोणता तंतू, किती ग्रॅम आणि कधीपासून घेत आहोत हे डॉक्टरांना सांगावे. कारण वाढलेला वात आणि बदललेला मळ यांचा अर्थ लावताना त्यांना ही माहिती लागते.